विटांचा खेळ, विकतचे जीव

ऑगस्ट २०२५ चा शेवटचा आठवडा. गणपती बसलेले, कशेळ्यात पाऊस लागून राहिलेला. दर्शनाला म्हणून माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याचे खरे नाव लिहीत नाही. आमच्या गावात ते दोन मिनिटांत सर्वांना कळेल. आपण त्याला दिनू म्हणू. त्याने नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि मग खिशातून मोबाईल काढून माझ्यासमोर धरत विचारले, "सर, सरकारने गेम बंद केले ना? मग माझे पैसे परत कधी मिळणार?"

दिनू कशेळे-कर्जत अशी सहा आसनी रिक्षा चालवतो. आताशा निम्मेअधिक प्रवासी भाडे मोबाईलवरच देतात, त्यामुळे त्याचे बँकेतले खाते हाच त्याचा गल्ला. या खात्याचा पिन त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीला ठाऊक होता. तो तिला दिनूनेच सांगितलेला. वाण्याकडे, पिठाच्या गिरणीत, मेडिकलमध्ये जाऊन पैसे चुकते करण्याचे काम तिचेच, आणि बापापेक्षा तिचा अंगठा भराभर चालतो याचे घरात कौतुकही होते. या मुलीने १९ दिवसांत ७,३४० रुपये एका खेळात घातले. तो रमीचा किंवा क्रिकेटच्या पैजेचा खेळ नव्हता. रंगीत ठोकळे जुळवायचे, जुळले की फुटतात, ठरलेल्या चालींत पुरेसे फुटले की पुढची पायरी, असा तो निव्वळ कोड्याचा खेळ. पैसे गेले ते 'लाइफ' विकत घेण्यात. लाइफ म्हणजे जीव. ते संपले की एकतर थांबायचे, नाहीतर विकत घ्यायचे. कधी २९ रुपये, कधी ८९, एकदा तर ४४९.

मी त्याला सांगितले की, तू म्हणतोस तो कायदा या खेळाला लागू होत नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, तुम्ही माझा गेम काढून घेतला होता. आठवतं?"

आठवत नाही असे म्हणणे सोयीचे होते. पण आठवत होते, आणि दिनूला ठाऊक नव्हते तेही आठवत होते.

१९९७ चा पावसाळा. मी आठवीच्या वर्गावर समीकरणे शिकवत होतो. वर्गाला पत्र्याचे छप्पर. आमच्याकडे पाऊस पडतो तेव्हा पत्र्याखाली शिकवणे म्हणजे फळ्यावर लिहून दाखवणे; आवाज कोणालाच ऐकू जात नाही. त्या दिवशी पाऊस एकाएकी थांबला आणि शेवटच्या बाकावरून टुणटुण असा आवाज आला. दिनूच्या मांडीवर एक राखाडी रंगाचे यंत्र होते. तळहाताएवढे, वरच्या बाजूला काच, खाली बटणे. मुंबईच्या मामाने आणून दिले होते. त्याला सगळे 'ब्रिक गेम' म्हणत. मी ते जप्त केले आणि शिक्षकी थाटात जाहीर केले, "वार्षिक परीक्षेनंतर मिळेल."

तीन दिवस ते माझ्या खणात पडून होते. चौथ्या दिवशी मी ते घरी नेले. पाहू तरी काय आहे, असे स्वतःला सांगून. रात्री दिवे गेले. पावसाळ्यात कशेळ्यात दिवे जाणे ही काही बातमी नव्हे. त्या यंत्राच्या काचेला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून मी कंदील जवळ ओढला. एक वाजता आमची सौ. उठून आली आणि म्हणाली, "मुलाचं खेळणं आहे ना ते?" दुसऱ्या दिवशी मी दोन पेन्सिल सेल विकत आणले. दिनूचे सेल मी संपवले होते.

त्या यंत्रावर '९९९९ इन १' असे छापलेले असे. ही शुद्ध थाप होती. आत जेमतेम डझनभर खेळ. वेग आणि पायरी बदलून त्यांचीच पुन्हा पुन्हा मोजणी केलेली. गणिताच्या मास्तराला ही लबाडी पहिल्याच रात्री कळली. पण काही बिघडले नाही, कारण मला त्यातला एकच खेळायचा होता.

ज्यांनी तो खेळला नाही अशा वाचकांसाठी सांगतो. दहा घरांची रुंदी आणि वीस घरांची उंची असलेली एक उभी विहीर. वरून चार-चार चौकोनांचे आकार एकामागून एक खाली येतात. आकार एकूण सात. एक उभी काठी, एक पाट, एक टी, दोन एल, त्यांतला एक उलटा, आणि दोन नागमोडी, मुले त्यांना साप म्हणत. आकार खाली पोचेपर्यंत तो फिरवायचा, डावी-उजवीकडे सरकवायचा आणि असा बसवायचा की खाली भोक राहू नये. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते आणि वरचा ढीग एक घर खाली येतो. नाही भरली तर ढीग वाढतो, वेगही वाढतो, आणि ढीग छताला टेकला की खेळ संपला. बस्स, इतकेच.

यात सुख कसले? मला वाटते, हे सुख घर आवरण्याचे आहे. फडताळात शेवटचा डबा नेमक्या उरलेल्या जागेत बसावा तसे. शिवाय त्यात लोभ आहे, आणि तो लोभ खेळ रचणाऱ्याने मुद्दाम पेरलेला आहे. एक ओळ फोडली तर थोडे गुण, चार ओळी एकदम फोडल्या तर किती तरी पट अधिक. 'गेम बॉय' या जपानी यंत्रावरच्या खेळात पहिल्या पायरीला एका ओळीचे ४० गुण मिळत, आणि चार ओळींचे १,२००. चार ओळी एकदम फोडता येतात त्या फक्त काठीने. मग माणूस एका कडेचा रकाना मोकळा ठेवतो, बाकीचे सगळे भरत जातो आणि काठीची वाट पाहतो. काठी येत नाही. साप येतात. पुन्हा साप येतात. आपण एक साप नको तिथे ठेवतो, त्याच्याखाली भोक राहते, आणि ते बुजवायचे तर आधी त्याच्यावरच्या ओळी फोडाव्या लागतात. त्यानंतरची दहा मिनिटे एका क्षणाच्या चुकीची फेड करण्यात जातात. तेवढ्यात काठी येते, आणि तिला जागा नसते.

त्या दिवसांत वह्या तपासताना मला उत्तरांच्या ओळींमधल्या मोकळ्या जागा दिसत. डोळे मिटले की आकार पडू लागत. हा केवळ माझा वेडेपणा नव्हता, हे पुढे कळले. २००० साली हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना हा खेळ दिवसेंदिवस खेळायला लावून झोप लागताना काय दिसते ते विचारले. अनेकांनी पडणारे आकार सांगितले. नवल असे की, ज्यांची स्मरणशक्ती इतकी गेली होती की आपण हा खेळ खेळलो हेच त्यांना आठवत नव्हते, त्यांच्यापैकीही काहींना ते आकार दिसले.

एवढ्यावर थांबून त्या खेळाच्या कुळाबद्दल चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्यात आपल्या नाशिक जिल्ह्याचा एक दूरचा धागा आहे. समान चौकोन कडेला कडा लावून जोडले की किती आकार होतात, या कोड्याचा अभ्यास अमेरिकन गणिती सॉलोमन गोलोम यांनी १९५३ मध्ये सुरू केला. त्याला लोकांपर्यंत नेले ते मार्टिन गार्डनर यांनी, 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरातून, १९५७ मध्ये. याच गार्डनरांनी याच सदरात १९७५ साली देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्यावर लिहिले आणि आपल्याकडे फारशी किंमत न मिळालेला माणूस जगाला माहीत झाला. ६१७४ या संख्येची गंमत तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत करून पाहिली असेल. असो. तर पाच-पाच चौकोनांच्या बारा आकारांचे कोडे मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांच्या आवडीचे होते. १९८४ मध्ये त्यांनी पाचाऐवजी चार चौकोन घेतले, बाराचे सात आकार झाले, आणि ते वरून पडू दिले. त्यांच्या संगणकाला चित्रे काढता येत नव्हती. कंसाची चिन्हे जोडून त्यांनी विटा केल्या. खेळाचे नाव टेट्रिस. दिनूचा जन्म त्याच वर्षीचा.

हा खेळ सोव्हिएत सरकारच्या मालकीचा, म्हणून पाजित्नोव यांना १९९६ पर्यंत त्याचे मानधन मिळाले नाही. १९८९ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'गेम बॉय' काढला. गुनपेई योकोई या अभियंत्याचे मत असे की, नवेकोरे महाग तंत्र घेण्यापेक्षा जुने, स्वस्त, पक्के झालेले तंत्र नव्या रीतीने वापरावे. म्हणून काच काळी-पांढरी, पण सेल दीर्घकाळ टिकणारे. हे यंत्र आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून जगात अकरा कोटींहून अधिक विकली गेली. १९९३ मध्ये एका रशियन अंतराळवीराने ते टेट्रिससह 'मीर' स्थानकावर नेले होते. कर्जत तालुक्यात मात्र गेम बॉय कोणी पाहिला नाही. आमच्यापर्यंत आली ती चिनी नक्कल, मनीष मार्केटमार्गे. तिच्यातून ना पाजित्नोवना काही मिळाले, ना निन्टेन्डोला. ही चोरीच होती. पण खेळणाऱ्या पोराकडून मात्र त्या यंत्राने एकदाच पैसे घेतले.

आमच्या शाळेत वाडीवरून येणारी कातकरी मुले होती. दिवाळी झाली की त्यांची घरे उचल घेऊन वीटभट्टीवर जात, आणि पावसाच्या तोंडावर परतत. मुलेही बरोबर जात. हजेरीपटावर ते दिसते. दिवाळीनंतरचे रकाने मोकळे. त्यांपैकी सहावीतला एक मुलगा खडू न्यायला शिक्षकांच्या खोलीत आला, तेव्हा मी मधल्या सुट्टीत खेळत बसलो होतो. तो मागे उभा राहून पाहत राहिला. मी दटावण्याऐवजी यंत्र त्याच्या हातात दिले. दोन डाव हरला, तिसऱ्याला असा रमला की घंटा झालेली दोघांनाही कळली नाही. मग त्याने विचारले, "सर, ओळ भरली की जाते कुठं? आमच्याकडं भरली की मोजतात."

भट्टीवर हजार विटांमागे मजुरी असते. भरलेली रांग नाहीशी झाली तर तिथे हाहाकार होईल. मी त्याला काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही. दिवाळीनंतर तो गेला.

वार्षिक परीक्षेनंतर मी दिनूला त्याचे यंत्र नव्या सेलांसह परत केले. तोवर मनीष मार्केटातून दीडशे रुपयांत माझे स्वतःचे आणून झाले होते. हे मी आज प्रथमच कबूल करतो आहे, आणि दिनूही ते हा लेख वाचूनच कळून घेईल.

आता मुद्द्यावर येतो. दिनूचा खेळ आणि त्याच्या मुलीचा खेळ हे दिसायला सख्खे भाऊ. दोन्हींत आकार जुळवायचे, दोन्हींत जुळलेले नाहीसे होतात, दोन्हींत जीव टांगणीला लागतो. वडीलधारी माणसे म्हणतात, "पूर्वी ब्रिक गेम होता, आता मोबाईल, मुले तीच." मीही तसेच म्हणत होतो. पण ते खरे नाही.

टेट्रिसमध्ये माणूस हरतोच. हे गणिताने सिद्ध झाले आहे. हायडी बर्गीएल यांनी १९९७ मध्ये दाखवले की, नुसते दोन प्रकारचे साप आलटून पालटून येत राहिले तर कितीही कुशल खेळाडू कधीतरी बुडणारच. पुढे काय येणार हे आधी सांगितले तरी सर्वोत्तम मांडणी शोधणे किती अवघड आहे, हे २००२ मध्ये एमआयटीच्या तिघांनी सिद्ध केले. संगणकशास्त्रात जे प्रश्न सर्वांत चिवट मानले जातात त्यांच्या पंगतीत हा खेळ बसतो. तरीही ही हार मला कधी फसवणूक वाटली नाही. विहीर सर्वांना सारखीच खोल. भोक मीच पाडले. खेळ संपला की एक बटण दाबायचे, की लगेच नवा डाव. यंत्राला माझ्या हरण्यातून काही मिळत नव्हते, आणि माझ्या जिंकण्याशीही त्याला देणेघेणे नव्हते.

२०१२ मध्ये 'कँडी क्रश' आला आणि कोड्याच्या खेळाचा हिशेब बदलला. खेळ फुकट. पाच जीव मिळतात. एका पायरीवर हरलात की एक जीव जातो. पाचही गेले की एक जीव परत मिळायला अर्धा तास. घाई असेल तर पैसे भरा. चाली संपल्या आणि दोनच गोळ्या फोडायच्या राहिल्या? पाच चाली विकत घ्या. यात लोकांना वाईट काही वाटले नाही, कारण बहुसंख्य लोक पैसे भरतच नाहीत. भरतात ते थोडे; पण थोडे म्हणजे जगातले थोडे. खेळ काढणारी 'किंग' ही कंपनी २०१६ मध्ये ५९० कोटी डॉलरला विकली गेली. गोळ्या विकून नव्हे, अर्धा तास विकून!

हा फरक बारीक वाटतो पण फार मोठा आहे. जुन्या खेळात अडकणे हा खेळाचा भाग होता. नव्यात अडकणे हा विक्रीचा माल आहे. कोणत्या पायरीवर किती जण अडकतात, किती जण तिथे पैसे भरतात आणि किती जण कंटाळून सोडून जातात, हे कंपनीला रोज दिसते. त्यानुसार पायरी सोपी-अवघड करता येते. म्हणजे दुकानदार, तराजू आणि भूक, तिन्ही एकाच्याच हातात. दिनूच्या मुलीने मला ती पायरी दाखवली जिथे ती चार दिवस अडकली होती. मी तीस-पस्तीस वेळा खेळून पाहिली. प्रत्येक वेळी एक-दोन ठोकळे राहत. टेट्रिसमध्ये मी अनेकदा दारुण हरलो आहे. इथे मी कधीच दारुण हरलो नाही. प्रत्येक वेळी 'थोडक्यात' हरलो. मुद्दाम असे केले असेल असा माझा आरोप नाही, कारण मला आतले काही दिसत नाही. पण मटक्याच्या अड्ड्यावर ज्यांनी माणसे पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे की, एका आकड्याने हुकलेला माणूस दहा आकड्यांनी हुकलेल्यापेक्षा लवकर परत येतो.

आणि कायदा? तो मोठा धडाक्याने आला. २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत, तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची संमती. नाव ऑनलाइन खेळांच्या प्रोत्साहन आणि नियमनाचे. आदल्याच महिन्यात आपल्या विधान परिषदेत एका मंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसल्याचे चित्रण गाजले होते. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले, आणि पुढे त्यांचे खाते बदलले. पैशाच्या खेळांनी ४५ कोटी लोकांचे २०,००० कोटींहून अधिक नुकसान झाले, असा अंदाज सरकारने दिला. रमी हा कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात म्हटल्यापासून या धंद्याचे सारे वकील कौशल्य आणि नशीब यांच्या सीमारेषेवर तंबू ठोकून बसले होते. या कायद्याने ती रेषाच पुसली. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून पैसे जिंकण्याची आशा असेल तर तो पैशाचा खेळ, आणि तो बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे शहाणपणाचे. बड्या कंपन्यांनी लगोलग खेळ बंद केले, भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरचे नाव उतरले, आणि कायद्याला न्यायालयात आव्हानही दिले गेले.

मी या कायद्याच्या बाजूचा आहे. कर्जत लोकलमध्ये मोबाईलवर रमीचे पत्ते लावता लावता पगार घालवणारी तरुण मुले माझ्या पाहण्यात आहेत. पण त्याच्या व्याख्येकडे दिनूच्या बाजूने पाहा. पैसे जिंकण्याची आशा, ही कसोटी. दिनूच्या मुलीला काहीच जिंकायचे नव्हते. तिला पुढची पायरी पाहायची होती. म्हणजे जो खेळ पैसे घेतो आणि कधीतरी परत देण्याची लालूच दाखवतो तो गुन्हा. आणि जो फक्त घेतो, परत देण्याचे नावही काढत नाही, तो करमणुकीचा सामाजिक खेळ! कायदेपंडित म्हणतील, ही वस्तूची खरेदी आहे, जुगार नव्हे. ते कायद्याने बरोबरच आहे. मग खरेदीचे नियम तरी लावा.

ते नियम आहेत, हे फार थोड्यांना माहीत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने इंटरनेटवरच्या विक्रीतल्या छुप्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा क्लृप्त्या नावानिशी दिल्या आहेत. खोटी घाई लावणे ही त्यांतली पहिली. ग्राहकाने नको म्हटले तर त्याला लाजवणे, पुन्हा पुन्हा टोकत राहणे, हीही त्यांत आहेत. विमानाचे तिकीट विकणाऱ्याने "फक्त दोन जागा शिल्लक" अशी थाप मारली तर ती चूक ठरते. मग अकरा वर्षांच्या पोरीला सेकंदांचे उलटे घड्याळ दाखवून "तू सोडून देणार?" असे विचारणारा रडवा प्राणी त्यातून का सुटावा? मला वाटते, नवा कायदा आणण्याआधी या जुन्या तेरा ओळी खेळांना लावून पाहाव्यात. जीव, नाणी, हिरे अशा भाषेआड किंमत न लपवता प्रत्येक वेळी ती रुपयांत दाखवावी. दिवसाला एका खात्यातून खेळात किती जाऊ शकतील याची मर्यादा बँकेनेच आधी शून्य ठेवावी. ज्याला हवी त्याने ती वाढवून घ्यावी.

मुलांसाठी वेगळे संरक्षण हवे असे सगळे म्हणतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ते आहे: अठरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीशिवाय वापरायची नाही, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायच्या नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. छानच आहे. फक्त एक अडचण आहे. कशेळ्यात अकरा वर्षांच्या मुलीचा स्वतःचा मोबाईल नसतो. तो दिनूचा मोबाईल, दिनूचा नंबर, दिनूचे खाते. कंपनीच्या वहीत तो खेळ एक एक्केचाळीस वर्षांचा रिक्षावाला खेळतो आहे. दिनूच्या वतीने मी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिले. तासाभरात उत्तर आले की, व्यवहार पिन टाकून झाला आहे, सबब परतावा नाही. त्यांच्या दृष्टीने तक्रार करणारा आणि खेळणारा एकच.

चीनने ऑगस्ट २०२१ मध्ये मुलांना आठवड्यातून फक्त शुक्रवार, शनिवार, रविवारी आणि सुटीला रात्री ८ ते ९ एवढाच वेळ दिला. त्यानंतर तिथली मुले आजी-आजोबांच्या ओळखपत्रांवर खेळू लागल्याच्या बातम्या आल्या. आजोबा सगळीकडे सारखेच. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ पासून वेगळी वाट धरली: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावात मोबाईल आणि टीव्ही बंद. मला हा प्रयोग आवडतो, कारण त्यात मोठेही सामील आहेत. पण आमच्याकडे सातला दिनूची रिक्षा कर्जत स्टेशनाबाहेर लोकलची वाट पाहत असते, बायको फार्महाऊसवरच्या कामावरून परतत असते, आणि मुलीला घरी गप्प बसवण्यासाठी मोबाईलच हाताशी असतो. भोंगा कोणासाठी वाजवायचा? पोरीने चूक केली हे खरे. तिला दोन तास एकटी ठेवून तिच्या हाती गल्ला आपणच दिला, हेही दिनूला कळते. म्हणून त्याने तिला मारले नाही. पिन बदलला.

पुढच्या रविवारी मी त्याला मुलीला घेऊन बोलावले. माळ्यावरच्या पेटीतून माझा ब्रिक गेम काढून ठेवला होता. सेलांच्या खाचेत हिरवट पूड जमली होती, ती लिंबाने घासून काढली. नवे सेल घातले आणि ती टुणटुण पुन्हा वाजली. पोरीने यंत्र उलटेपालटे करून पाहिले, काचेवर बोट फिरवले, काही होईना तेव्हा बटणे दाबली. पाच मिनिटांत ढीग छताला टेकला. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "आजोबा, आता किती वेळ थांबायचं?"

"थांबायचं नाही. लगेच खेळ."

"फुकट?"

ती आणखी सात-आठ डाव खेळली. हात चांगला आहे. काठीसाठी रकाना मोकळा ठेवायचे तिला कोणी सांगावे लागले नाही. मग तिने विचारले, "यात पुढची लेव्हल कशी दिसते?" मी म्हटले, अशीच दिसते, फक्त जोरात. "आणि सेल काढले तर स्कोअर जातो?" जातो, म्हटले. "मग कशाला खेळायचं?" असे म्हणून तिने यंत्र चटईवर ठेवले आणि ती सौ.कडे स्वयंपाकघरात गेली.

दिनूने ते उचलले. चहा आला, तो निवला. बाहेर रिक्षात बसलेली चार माणसे हाका मारू लागली, तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "सर, एक मिनिट. काठी येतेय."